पितळी नळी आणि काकांचा टँक

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या टँकमध्ये लिक्विड भरतात, आणि वीज गेली की तापून त्याची वाफ करते ती तारेची कॉइल. ही कॉइल स्वतः गुंडाळून वापरायचा टँक मागणारी गिऱ्हाईकं आता कमी झाली आहेत. बहुतेकांना तयार पॉड, म्हणजे कॉइल आधीच बसवलेली छोटी डबी हवी असते. पण ज्याला आरटीए, म्हणजे रिबिल्डेबल टँक हवा असतो, तो काउंटरला टेकून तासभर उभा राहतो, आणि मला त्याच्याशी बोलायला मनापासून आवडतं. तिथे विकण्यापेक्षा निवडून देण्याचं काम जास्त असतं.

मी मूळची इचलकरंजीची. लेस्टरला टेक्स्टाइल शिकायला आले, शिकता शिकता बेलग्रेव्ह रोडजवळच्या या व्हेपच्या दुकानात अर्धवेळ लागले आणि पुढे इथेच टिकले. आपल्याकडे हा धंदाच बेकायदा आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळंच बंद झालं. त्यामुळे सुट्टीला भारतात निघालेल्या कुणी विचारलं, तर मी एकच सांगते, हे सगळं इथे ठेवून जा. ब्रिटनमध्ये मात्र सरकारी आरोग्यसेवा स्वतःच सांगते की सिगारेट सोडायची असेल तर व्हेपची मदत घ्या, आणि कधीच सिगारेट ओढली नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. दुसरं वाक्य मी पहिल्याइतक्याच ठामपणे गिऱ्हाइकाला ऐकवते. निकोटिनची सवय लागते ती लागतेच, वाफ असो की धूर.

तो सोमवार होता, २ जून २०२५. आदल्याच दिवसापासून ब्रिटनभर एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली होती. सकाळपासून रांग होती ती त्याच्याच चौकशीची. शिल्लक आहे का, मागच्या कपाटात एखादा असेल ना, मग आता आम्ही काय करायचं? सगळ्यांना तेच तेच समजावून माझा आणि सहकाऱ्याचा घसा सुकला होता. जुने व्हेप परत घ्यायचा डबा दुपारपर्यंत काठोकाठ भरला.

त्या गर्दीतून वाट काढत काका पुढे आले. सत्तरी ओलांडलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला चष्मा. "बेटा, आ कॉइल छे?" म्हणत त्यांनी आपला जुना बॉक्स मॉड, म्हणजे टँकखालचा बॅटरी आणि चिपचा डबा, पुढे ठेवला. मी गुजराती समजते, बोलते हिंदीत. ते दोन्ही मिसळून बोलतात. त्यांच्या टँकची तयार कॉइल कंपनीने बनवणंच थांबवलं होतं, आणि आमच्याकडची शेवटची पाकिटंही संपली होती. असं वरचेवर होतं. टँक धडधाकट असतो, मॉड व्यवस्थित चालत असतो, पण दोन पैशांच्या तारेची ती कॉइल बाजारातून नाहीशी होते आणि माणूस सिगारेटच्या दुकानाकडे वळतो. आरटीए घ्यायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. तार आणि कापूस कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही.

हे काकांनाही उमगलं होतं. "नातवाने दिलंय," म्हणत त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक जड पितळी नळी काढली, आत बॅटरी घालायचा नळीच्या आकाराचा मॉड. वर रुंद आरटीए बसवलेला. नातवाने कुणाकडून तरी जुनं विकत घेऊन वाढदिवसाला दिलं होतं. काकांना एवढंच विचारायचं होतं, की यात कुठलं लिक्विड भरू, की टँक दुसरा घेऊ? आणि बॅटरी कुठे आहे म्हटल्यावर त्यांनी पँटच्या खिशात हात घालून घराच्या किल्ल्यांबरोबर ती बाहेर काढली.

"काका, ती आधी इथे ठेवा. किल्ल्या वेगळ्या."

मॉडमध्ये घालतात त्या १८६५० आकाराच्या बॅटरीचं धन टोक म्हणजे वरची छोटी चकती. बाकी अख्खी डबी, वरच्या काठापर्यंत, ऋण असते. दोन्हीच्या मध्ये असतं ते फक्त वरचं इन्सुलेटरचं कडं आणि प्लॅस्टिकचं पातळ आवरण. काकांच्या बॅटरीचं आवरण वरच्या काठाला नखाएवढं फाटलेलं होतं. खिशातली किल्ली चकतीला आणि त्या उघड्या काठाला एकदम टेकली असती तर शॉर्ट झाला असता. तीच बॅटरी त्या नळीत घातली असती, तर उघडा काठ पितळेला टेकून बटण न दाबताच कॉइल तापायला लागली असती.

मी टँक फिरवून काढला आणि नळीत वरून पाहिलं. आत ना चिप, ना वायर, ना मधली पिन. ही हायब्रिड जातीची मेकॅनिकल नळी. यात टँकच्या ५१० जोडणीची, म्हणजे तो मॉडवर फिरवून बसवायच्या आट्यांमधली पिन थेट बॅटरीच्या चकतीवर टेकते. म्हणून अशा नळीवर लावायच्या टँकची पिन आट्यांच्या कडेपेक्षा स्पष्ट पुढे आलेली असावी लागते. या टँकची पिन कडेच्या पातळीत होती. मी त्यावर प्लॅस्टिकचं कार्ड आडवं ठेवून काकांना दाखवलं, फट कुठेच नव्हती. आटे म्हणजे ऋण बाजू. ती चकतीवर टेकली आणि बटण दाबलं, की वीज कॉइलकडे जाणारच नाही, बॅटरी स्वतःवरच रिकामी होणार. नळीत अडवणारं काही नाही. बॅटरीतला वायू बाहेर पडायला पुरेशी भोकं नसतील तर ती नळी फुटते. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटात माणसं गेली आहेत. हे मी गिऱ्हाइकांना घाबरवायला सांगत नाही, पण लपवतही नाही.

त्यावर कडी म्हणजे टँकमध्ये आधीच्या मालकाने गुंडाळलेल्या जाड तारेच्या दोन कॉइल तशाच होत्या. टँक कॉइलचा रोध मोजायच्या ओहममीटरवर लावला, आकडा आला ०.१२ ओहम. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. ४.२ भागिले ०.१२ म्हणजे ३५ अँपिअर. त्या बॅटरीची सततची मर्यादा होती २०.

काका ऐकत होते, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की शब्द न् शब्द पोचतोय. खिशातला चष्मा लावून त्यांनी टँक हातात घेतला, अंगठ्याने पिन चाचपली आणि मला विचारलं, "ही पिन दोन आटे सैल केली तर पुढे येईल ना?" इतका नेमका प्रश्न मला या काउंटरवर क्वचितच कुणी विचारला असेल. मी डेक, म्हणजे कॉइल बसवायची जागा, उघडून दाखवला. तोच स्क्रू आतला धन खांब धरून ठेवतो. पिन पुढे यावी म्हणून तो सैल केला तर खांब हलणार, आणि कॉइलचा संपर्क तुटत-जुळत राहणार. "मग नाही," ते लगेच म्हणाले. "एका स्क्रूला दोन कामं द्यायची नाहीत."

ते होते यंत्रवाले. १९७२ साली युगांडातल्या कंपालाहून सगळं मागे टाकून लेस्टरला आले आणि मोजे, होजियरी विणायच्या यंत्रांच्या कारखान्यात लागले. लॅच नीडल, जिच्यावर जगभरची विणकाम यंत्रं चालतात, ती १९ व्या शतकात या लेस्टरच्याच माणसाने काढली, हे त्यांनी मला भर गर्दीत अभिमानाने सांगितलं. मी इचलकरंजीची, घराच्या दोन्ही बाजूंना पॉवरलूमचा खडखडाट ऐकत वाढलेली, हे कळल्यावर तर त्यांनी स्टूलच ओढून घेतलं. रांग सहकाऱ्याने सांभाळली.

आरटीए निवडायचा म्हणजे लोक आधी ब्रँड विचारतात. मी आधी माणसाचा श्वास बघते. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत. त्याला अरुंद हवामार्ग, १ ओहमच्या आसपासची कॉइल, १०-१५ वॉट आणि थोडं जास्त निकोटिन लागतं. थेट छातीत ओढणाऱ्याला मोकळी हवा, अर्ध्या ओहमखालची कॉइल, त्याच्या कितीतरी पट वॉट आणि ३ मिलीग्रॅम निकोटिनचं लिक्विड पुरतं. या दोघांची अदलाबदल केली की एकाला ठसका लागतो आणि दुसऱ्याची तलफ भागत नाही. मी एका रिकाम्या, कॉइल नसलेल्या रुंद टँकला नवी ड्रिप टिप, म्हणजे तोंडात धरायचं टोक, लावून काकांना नुसती हवा ओढायला दिली. झ्यूस नावाच्या टँकच्या जातीचा, वरून हवा घेणारा, न गळण्याबद्दल नावाजलेला टँक. "अरे, ही तर खिडकी उघडली," ते म्हणाले. मग एक बारीक भोकांचा दिला, केफन नावाच्या टँकच्या घराण्यातला. त्यांनी गालांनी ओढलं, थांबले, छातीत घेतलं आणि मान हलवली. चाळीस वर्षांची सवय त्या एका ओढीत दिसली.

पुढचे निर्णय मग आपोआप झाले. त्यांच्या जुन्या मॉडमध्ये बॅटरी एकच, म्हणून कॉइलही एकच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून डेकवर बारीक षटकोनी खाचेच्या बिनडोक्याच्या स्क्रूंऐवजी मोठ्या डोक्याचे साधे दोन स्क्रू, ज्यांच्याखाली तार नुसती अडकवून आवळता येते. व्यास २२ मिलिमीटर, मॉडच्या कडेबाहेर न येणारा. इथल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे टँक २ मिलिलिटरचाच, त्याबद्दल काका जरा कुरकुरले, पण तोंडात ओढणाऱ्याला लिक्विड कमीच लागतं. बरोबर सुटी काच आणि ओ-रिंगा आहेत ना तेही बघून घेतलं. कॉइलमधली कापसाची वात नीट बसली नाही तर अशा टँकच्या खालच्या हवामार्गातून गळतं, हेही सांगितलं. चव मात्र जवळून हवा लागते म्हणून चांगली येते. एक मिळालं की दुसरं थोडं सोडावं लागतं.

नवा टँक मी आधी कोमट पाण्यात सुटा करून धुते. काकांनी धुण्यापूर्वी तो नाकाशी नेला. "मशीन ऑइल," ते हसून म्हणाले, आणि धुवायचं कारण मला सांगावंच लागलं नाही.

कॉइल त्यांनीच गुंडाळली. २८ गेजची कांथल, म्हणजे वीज गेली की तापणाऱ्या मिश्रधातूची तार, अडीच मिलिमीटरची सळई, सहा वेढे. मी सळई धरायला शिकवणार तोवर चार वेढे झाले होते, एकमेकांना टेकून, तारेला कुठे मुरड नाही. त्या हातांना काय शिकवायचं? मीटरवर १.१ ओहम. कापूस घालण्याआधी कमी वॉटवर थोडी थोडी वीज दिली, तर एक कडेचा वेढा बाकीच्यांआधी लाल झाला. बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढे दाबले, पुन्हा दिली, पुन्हा दाबले, तेव्हा लाली मधून सुरू होऊन दोन्हीकडे सारखी पसरली. कांथल, नायक्रोम किंवा स्टील असेल तरच असं कोरडं तापवायचं. निकेल आणि टायटॅनियम कधीच नाही. त्यांना तापमान नियंत्रणाचाच मॉड लागतो आणि नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये.

वातीपाशी मात्र ते अडले. पहिली वात इतकी घट्ट की ओढताना कॉइल वाकली. दुसरी इतकी विरळ की भोकांमधून उजेड दिसत होता. घट्ट झाली तर लिक्विड चढत नाही आणि कापूस जळतो, विरळ झाली तर सगळं खाली गळतं. कॉइलमधून सरकताना किंचित अडावी, पण कॉइलला हलवू नये, आणि टोकं लिक्विडच्या वाटांवर फक्त विसावलेली असावीत, ठासलेली नाहीत. तिसरी वात त्यांनी बसवली ती मी बदलली नाही. वर लिक्विडचे थेंब सोडले, टँक भरला आणि दहा मिनिटं थांबायला सांगितलं. त्या दहा मिनिटांत त्यांनी मला कंपालातल्या त्यांच्या गल्लीबद्दल सांगितलं.

१२ वॉटला पहिली ओढ, १४ ला दुसरी. १४ वर राहिले. एवढ्याला बॅटरीतून जेमतेम साडेतीन-चार अँपिअर जातात, शिवाय मॉडमधली चिप शॉर्ट दिसला की वीज तोडते. फाटक्या आवरणाची बॅटरी आम्ही टोकांना चिकटपट्टी लावून टाकाऊ बॅटऱ्यांच्या डब्यात घातली. नळी मी ठेवून घेऊ शकत नव्हते, ती त्यांची होती. ती रुमालात परत गेली, बॅटरीशिवाय. "नातवाला माझ्याकडे पाठवा," एवढं मी दोनदा म्हटलं.

तो शनिवारी आला. थोडा घुश्शात होता, कारण त्याने प्रेमाने दिलेली वस्तू बिनकामाची ठरवली गेली होती. मी त्याला पिनेवर कार्ड ठेवून दाखवलं, ०.१२ चा हिशेब त्याच्याच फोनवर करायला लावला. मेकॅनिकल वापरणारे जाणकार आहेत, ते स्वतःचं ओहममीटर बाळगतात, पुढे आलेल्या पिनेचाच टँक लावतात, आवरणाला ओरखडा दिसला तरी बॅटरी बदलतात. तुला ते शिकायचं असेल तर शिकवते, पण आजोबांच्या हातात ही नळी नको, असं मी त्याला म्हटलं. त्याने काही क्षण विचार केला आणि बॅटऱ्या ठेवायच्या दोन प्लॅस्टिकच्या डब्या घेतल्या, एक स्वतःला, एक आजोबांना.

काका अजून येतात. निकोटिनच्या १२ मिलीग्रॅमवरून ६ वर आले आहेत, सिगारेट पुन्हा घेतलेली नाही. तारेचं रीळ दहा मीटरचं, एका कॉइलला सहा-सात सेंटिमीटर जातात, म्हणजे ते लवकर संपायचं नाही. आमच्याकडून ते फक्त कापूस आणि लिक्विड नेतात. सध्या आमचा वाद सहा वेढे की सात यावर चालू आहे. सातने रोध १.३ च्या आसपास जातो आणि वाफ थोडी उशिरा पण मऊ येते, असं त्यांचं म्हणणं. मला सहाच बरे वाटतात. पुढच्या खेपेला ते दोन्ही कॉइल करून आणणार आहेत.