चुकांची पट्टी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती हस्तकलेच्या वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून टांगलेली बाईंची पट्टी. निकाल, स्नेहसंमेलनं, मैदान यांच्याबद्दल बाकीचे लिहितीलच. मला बाईंबद्दलच लिहायचं आहे. विणकामाच्या बाई म्हटलं की त्या वेळच्या कुणालाही नाव सांगावं लागत नाही.

ती पट्टी म्हणजे पांढऱ्या लोकरीचं ३० टाक्यांचं हातभर लांब विणकाम. दर बोटभर अंतरावर बाईंनी एकेक चूक मुद्दाम विणली होती आणि तिच्या शेजारी तांबड्या दोऱ्याची खूण केली होती. कुणाचं काही बिघडलं की तिने आधी पट्टीपाशी जायचं, आपली चूक कोणत्या खुणेशी जुळते ते बघायचं आणि मग बाईंकडे यायचं. उसवणं सगळ्यांत शेवटी. बाईंनी कुणाचं विणकाम स्वतःच्या हाताने उसवलेलं कुणी पाहिलं नाही.

पट्टीची पहिली खूण अगदी खालच्या कडेला होती : घट्ट घातलेले टाके. नव्याने शिकणारी मुलगी टाका निसटेल म्हणून लोकर करकचून ओढते. मग पहिल्याच ओळीत सुई टाक्यात शिरत नाही आणि कड आखडते. त्यावर बाईंचा उपाय असा, की दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घालायचे आणि मग एक सुई काढून घ्यायची. पहिल्या मफलरला डबल निटिंगची, म्हणजे मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या सुया आणि ४० टाके. सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक; ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. टाके घालायला लोकरीचं शेपूट टाक्यामागे एक इंच, म्हणजे ४० इंच सोडलं की कमी पडत नाही. प्रत्येक ओळ सुलटच. त्याने दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कड गुंडाळत नाही. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर कापड छान गुळगुळीत होतं, पण कडा वळतात. म्हणून पहिल्या मफलरला ते नाही.

दुसरी खूण ४० चे ४३ टाके होण्याची. हा प्रकार प्रत्येकीचा व्हायचा, आणि गंमत म्हणजे टाके वाढवलेले कुणालाच आठवायचे नाहीत. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे गेली की पहिला टाका वर खेचला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. लोकर आधी खाली ओढून सुईखालून मागे न्यायची, एवढंच. आणि दर दोन ओळींनी टाके मोजायचे.

तिसरी खूण जाळीच्या भोकाची. उलट टाक्यानंतर लोकर दोन सुयांमधून मागे घ्यायची राहते, सुईवर नुसताच वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तो विणला गेला की भोक. तो वेढा वेळीच दिसला तर सुईवरून खुशाल सोडून द्यायचा, ढिली लोकर शेजारच्या टाक्यांत मुरते. भोक म्हणजेच जाळीच्या स्वेटरची पहिली पायरी, हेही बाईंनी त्याच खुणेपाशी दाखवलं होतं. फरक एवढाच, की जाळीत वेढा घेतल्यावर दोन टाके एकत्र विणून मोजणी राखायची.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा टाका एकदा १२ ओळी खाली घसरला. गुळगुळीत विणीचा, लहान बाळाच्या स्वेटरचा पाठीचा भाग होता. ती रडकुंडीला आलेली. बाईंनी आधी त्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली. ‘आता कुठं जातोय तो? ओढू नको की गं. पायऱ्या मोज.’ खरंच, वरती आडव्या धाग्यांची शिडी दिसत होती. बाईंनी तिच्या हातात क्रोशाची सुई दिली. सुलट बाजू समोर ठेवायची, सुई टाक्यात पुढून घालायची, सगळ्यांत खालची पायरी पकडून टाक्यातून पुढे ओढायची. मग तिच्या वरची. तिने चौथी पायरी सोडून पाचवी ओढली. बाई पाहत होत्या, बोलल्या नाहीत. वर पोचल्यावर म्हणाल्या, ‘किती झाल्या?’ अकरा. कापड उलटं करून पाहिलं तर एक धागा मागे मोकळा लोंबत होता. पुन्हा पिन, पुन्हा खाली, पुन्हा मोजणी. सुईवर टाका चढवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आला पाहिजे, नाहीतर पीळ पडतो. तो पीळही पट्टीवर होताच, सहाव्या खुणेला.

आपल्या सोलापुरात मागाची खटखट ऐकतच मुलं मोठी होतात, म्हणून बाई दाखले मागाचेच द्यायच्या. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तर गाठ मारून माग पुढे चालतो, कापड उसवत नाही. पण चादरीची नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकीचं पडलं, तर ती चूक नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत उतरते. सुयांवर सगळा कारभार एकाच धाग्याचा. टाका सुटला तर तो पळतो खरा, पण चूक जिथं झाली तिथंच सापडते.

वर्ग दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि संक्रांतीच्या सुमाराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आत मफलर पुरा करायचा. उन्हाळ्यात सोलापुरात घामेजल्या बोटांवरून लोकर सरकत नाही, टाके घट्ट होतात. उसवलेली कुरळी लोकर बाई फुकट जाऊ द्यायच्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगायची. अॅक्रिलिकला इस्त्री लावायला मात्र सक्त मनाई होती, काठाची लवचीकता जाते आणि परत येत नाही.

आज हस्तकलेचा तास वेळापत्रकात नाही, असं ऐकलं. वाईट वाटलं. तेवढ्या तासात बाईंनी जे शिकवलं त्यावर आमच्या तुकडीतल्या दोघीजणी आजही स्वेटरच्या ऑर्डरी घेतात.

ती पट्टी कपाटात असेल तर महोत्सवाच्या प्रदर्शनात जरूर लावावी. नसली तर म्हणून मी नवी विणून सोबत पाठवत आहे. ३० टाके, ८ नंबरच्या सुया, खुणा त्याच क्रमाने. सातव्या खुणेशी एक टाका पिनेवर सोडला आहे आणि क्रोशाची सुई दोऱ्याने बांधली आहे. पायऱ्या १२ आहेत.