कागदावरचे छायाचित्र कॅनव्हासवर उतरवताना: माझा अनुभव

वडिलांच्या लहानपणीचे एक कृष्णधवल छायाचित्र आमच्याकडे आहे. त्यात ते पाच-सहा वर्षांचे असावेत. हातात पाटी, पाटीवर ‘अ, आ, इ’ आणि चेहऱ्यावर समोरच्या कॅमेऱ्याविषयी उघड संशय. हे छायाचित्र मोठे करून कॅनव्हासवर घ्यावे, असे फार दिवस मनात होते. थेट कॅनव्हासवर छापून मिळते हे ठाऊक असूनही मला ते स्वतःच्या हाताने करून पाहायचे होते, आणि त्या हट्टापायी तीन कॅनव्हास खर्ची पडले.

मूळ छायाचित्राला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते. मी निवडलेल्या पद्धतीत छापलेला कागद जेल मीडियम या चिकट द्रव्याने कॅनव्हासवर उलटा चिकटवून, वाळल्यावर तो भिजवून चोळून काढायचा असतो. म्हणजे जो कागद वापरला तो गेलाच. शिवाय जुन्या फोटोतली प्रतिमा कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असते, ती अशी सुटून येत नाही. मूळ फोटो ४ बाय ५ इंचांचा होता आणि मला ८ बाय १० हवा होता, म्हणून दुप्पट मोठा केल्यावरही इंचाला ३०० ठिपके उरावेत अशा बेताने तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला.

पहिली छपाई घरच्या इंकजेट प्रिंटरवर केली, आणि तिथेच पहिला कॅनव्हास वाया गेला. त्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणारी असल्यामुळे ओले जेल लागताच काळ्या रंगातून जांभळट ओघळ फुटले आणि पाटीची चौकट पसरून गेली. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची बारीक पूड. ती उष्णतेने वितळून कागदावर बसते आणि पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे पुढच्या प्रती लेझरवर काढल्या, त्याही साध्या ८० जीएसएमच्या कागदावर. गुळगुळीत फोटोपेपर इथे उपयोगाचा नाही, कारण त्यावरच्या लेपामुळे पाणी आत शिरत नाही आणि कागद सुटत नाही.

दुसऱ्या खेपेला छपाई उत्तम होती, जेल नीट वाळले, कागदही बऱ्यापैकी निघाला, आणि मी मोठ्या अभिमानाने कॅनव्हास आईपुढे धरला. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, “यांचा भांग तर दुसऱ्या बाजूला असायचा.” मग माझे लक्ष पाटीकडे गेले. अक्षरे उलटी होती. कागद पालथा चिकटवायचा म्हणजे डावे-उजवे बदलणार, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. छापण्यापूर्वी संगणकावर प्रतिमा आडवी उलटवून घेणे, हे एका टिचकीचे काम होते.

तिसऱ्या कॅनव्हासची तयारी मात्र मी नेटाने केली. कॅनव्हासच्या विणीत खळगे असतात, आणि टोनर त्यांच्या तळाशी टेकला नाही तर चित्रावर पांढरे ठिपके राहतात, हे दुसऱ्या प्रयत्नात दिसले होते. म्हणून आधी गेसोचे, म्हणजे कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. चित्रात जिथे जिथे पांढरे दिसते, तिथे खालची पार्श्वभूमीच दिसत असते. वडिलांचा पांढरा सदरा म्हणजे खरे तर माझा गेसो आहे.

जेल मीडियम म्हणजे रंगद्रव्य नसलेला ऍक्रिलिक रंग असे म्हणता येईल. ओले असताना दुधाळ दिसते, वाळल्यावर पारदर्शक होते. (लाकूडकामाचा पांढरा गोंद मी टाळला, कारण तो वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतो, आणि पुढचे सगळे काम पाण्याचेच असते.) कॅनव्हासवर जेलचा सलग, सारखा थर देऊन कागद पालथा ठेवला, मधून कडांकडे जुने प्लास्टिकचे कार्ड ओढत बुडबुडे बाहेर काढले, कागदाच्या पाठीवर आलेले जेल लगेच पुसले आणि रात्रभर वाळू दिले.

दुसऱ्या दिवशी कागदावर पाण्याचा फवारा मारला. कागद भिजून अर्धपारदर्शक झाला आणि त्याच्या आडून हळूहळू पाटी, मग सदऱ्याची बटणे, मग डोळे दिसू लागले. त्यानंतर बोटांच्या पेरांनी गोलाकार चोळत राहायचे. नख लावायचे नाही. कागदाचा लगदा खोडरबराच्या भुग्यासारखा वळकट्या होऊन निघतो. सगळा निघाला असे वाटून मी थांबलो, आणि तासाभराने पाहतो तर चित्रावर धुके उतरलेले. कागदाचे तंतू ओले असताना दिसेनासे होतात आणि वाळले की पांढरे दिसतात. पुन्हा भिजवले, पुन्हा चोळले. तिसऱ्या फेरीत मात्र माझा संयम सुटला. उजव्या कानाशी जोर जास्त पडला. नेमकी त्याच ठिकाणी मागे लाकडी चौकटीची पट्टी होती, त्यामुळे कापड दबले नाही आणि कागदाबरोबर टोनरही निघून आला. चौकटीच्या आत कापडाखाली पुस्तकांची चळत ठेवून सगळीकडे सारखा आधार द्यायला हवा होता. ती मी त्यानंतर ठेवली. हलकेसे धुके अजून शिल्लक होते, पण शेवटचा तंतू काढण्याच्या नादात चित्र घालवण्यापेक्षा तिथेच थांबणे शहाणपणाचे होते, कारण वरून दिलेला जेलचा पातळ थर त्या उरल्यासुरल्या तंतूंत मुरून त्यांनाही पारदर्शक करतो.

तो थर देण्यापूर्वी कॅनव्हास आईला दाखवला. तिने आधी भांग पाहिला, मग पाटी वाचली, आणि विचारले, “कान कुठे गेला?”

काळा आणि पांढरा ऍक्रिलिक रंग मिसळून बारीक कुंचल्याने तो कान मी भरून काढला आणि रंग वाळल्यावर वरून जेलचा हात दिला. धुके गेले, काळे भाग गडद झाले. कान जरा मोठाच झाला आहे.