काकांचं खोकं, नोंद ३: फ्लॉप्या जवळजवळ संपल्या, हार्ड डिस्क हाती लागली

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: काकांनी सदाशिव पेठेतलं डीटीपीचं दुकान आवरलं तेव्हा एक खोकं माझ्याकडे आलं. ६२ फ्लॉप्या, ३४ सीडी, ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलने जोडायची) हार्ड डिस्क आणि एक पेनड्राइव्ह. आत १९९५ पासूनच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, गणेश मंडळांचे अहवाल. यातलं बरंचसं कागदावरही उरलेलं नाही, म्हणून माझी घाई.

फ्लॉप्यांचा आजवरचा हिशेब: ४१ पूर्ण वाचल्या, १३ अर्ध्यामुर्ध्या, ८ अजिबात नाहीत.

फ्लॉपीबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते हे, की ड्राइव्हचं वाचणारं हेड तिच्या चकतीला टेकलेलं असतं. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि हेड तिच्यावर घासत राहतं. इतक्या पावसाळ्यांच्या दमटपणात वाढलेली बुरशी मग हेडला चिकटते, आणि त्याच हेडखाली पुढची चांगली फ्लॉपी खरवडली जाते. पहिल्याच दिवशी माझी अशी एक फ्लॉपी गेली. तिच्यावर काकांच्या अक्षरात ‘अंक ९८ – कविता’ लिहिलेलं आहे, आणि ते अजून मनातून जात नाही. आता मी आधी झडप सरकवून, मागचा धातूचा गोल बोटाने फिरवत, दोन्ही बाजू उजेडात बघते. पांढुरके डाग दिसले तर कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल, अगदी हलक्या हाताने. पूर्ण वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये नाही. दर पाच फ्लॉप्यांनंतर हेडही पुसायचं.

इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी एका फाइलमधली प्रत, घेतल्यावर आकार बघा: ८० ट्रॅक (गोल पट्टे), २ बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (तुकडे), सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे बरोबर १४,७४,५६० बाइट. याहून लहान फाइल आली तर काहीतरी सुटलंय.

सीडींचं दुखणं वेगळं. आपण खालच्या चकचकीत बाजूला जपतो, पण रेकॉर्ड करायच्या सीडीत रंगद्रव्याचा आणि त्यावरचा चमकदार थर असतो वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली, वर फक्त लाखेचा पातळ मुलामा. खालचे ओरखडे १.२ मिलिमीटर प्लास्टिकवर पडतात आणि पुष्कळदा पॉलिशने निघतात. वरून बॉलपेनने लिहिलं, की घाव थेट डेटावर. काकांनी नीटनेटकेपणाने प्रत्येक सीडीवर कागदी लेबल चिकटवलंय. लेबलं सोलायचा मोह टाळा, चमकदार थर सोबत निघून येतो. डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती या बाबतीत सुरक्षित. ३४ पैकी १९ सीडी झाल्या, बाकीच्या सावकाश.

बुधवारी हार्ड डिस्क. तापकीर गल्लीतून यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणला. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट वेगळे लागतात, तेव्हा सोबत पॉवर सप्लाय आहे ना हे दुकानातच बघून घ्या. इथेही चुंबकीय थरच, पण हेड टेकत नाही. फिरणाऱ्या चकतीवरच्या हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. एकदा टेकलं की तिथला थर गेला. म्हणून दुखणाईत डिस्कवर फाइली उघडत बसायचं नाही. डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर लावलं: ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेलं सोडून पुढे जातं आणि शेवटी अडलेल्या जागांकडे परततं. कुठवर आलो हे ते मॅपफाइलमध्ये लिहीत असतं.

त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला. गुरुवार, देखभालीसाठी वीज गेली. वीज आल्यावर डीडीरेस्क्यूने सोडलेल्या जागेपासून काम पुन्हा धरलं. पण मी सकाळपासून टाइप करत असलेली अर्धवट फ्लॉप्यांची यादी सेव्ह केलेली नव्हती, ती गेली. रॅममधला प्रत्येक बिट इवल्याशा कपॅसिटरमध्ये असतो आणि तो सतत गळत असल्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी नाही. यादी शुक्रवारी पुन्हा केली.

पेनड्राइव्ह २ जीबीचा, पहिल्या फटक्यात उघडला. फ्लॅशमध्येही विद्युतभारच साठवलेला असतो, पण तो इन्सुलेशनमध्ये कोंडलेला, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतो. मात्र कायमचा नाही. नव्या टीएलसी चिपमध्ये एका पेशीत ३ बिट, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, ४ बिटांच्या क्यूएलसीमध्ये १६. थोडा भार झिरपला तरी पातळी चुकते. म्हणून अशाच फ्लॅश चिपांची एसएसडी मी फक्त कामापुरती वापरते. तिथे ती अजोड आहे: मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला नेमका सेक्टर हेडखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, शिवाय हेड हलवण्याचा वेळ वेगळा. हजारो बारक्या फाइली चाळताना हा फरक अंगावर येतो. कपाटात ठेवायच्या प्रती मात्र दोन हार्ड डिस्कवर. एक माझ्याकडे, दुसरी कोथरूडला ताईकडे, दोन्हींवर प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेला आकडा, डेटा बदलला की तोही बदलतो), आणि दर सहा महिन्यांनी जोडून तपासणी.

शनिवारी काका आले होते. वाचलेल्या फ्लॉपीतली एक फाइल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी हिरमुसले. काका म्हणाले, "अगं, बिघडली नाहीये ती. तेव्हा प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड कुठे वापरात होतं? ज्या फाँटमध्ये टाइप केलं तोच फाँट लाव." हार्ड डिस्कच्या इमेजमध्ये त्यांच्या दुकानाचे सगळे फाँट सापडले. लावल्याबरोबर अक्षरं मराठी झाली: नारायण पेठेतल्या एका लग्नाची पत्रिका, ‘आहेर आणू नये’सकट. फाँटची फाइल आता प्रत्येक फोल्डरमध्ये सोबत ठेवते आहे.

राहिल्या त्या ८ फ्लॉप्या. यूएसबी ड्राइव्ह फक्त सेक्टर देतो, खालचा कच्चा चुंबकीय संकेत दाखवत नाही. त्यासाठी तो संकेत थेट टिपणारा ग्रीजवीझल नावाचा बोर्ड मागवलाय, पण त्याला ३४ पिनांच्या केबलचा जुना अंतर्गत ड्राइव्ह लागतो. रविवारी जुन्या बाजारात शोधणार आहे. कोणाच्या माळ्यावर चालू ड्राइव्ह पडलेला असेल तर जरूर सांगा. ‘अंक ९८ – कविता’ याच आठांत आहे.