एक भोक घेऊन आलेली टाकी

मृग लागून चार दिवस झाले होते. जांबोटीकडचे एक मामा टेम्पोत पॉवर टिलर घालून आले. तेरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा, हँडल मारून चालू करायचा जुना टिलर. वय तीसच्या पुढे. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्सला आवाज नाही, फक्त डिझेलची टाकी गळत होती. "तळाला एक भोक हाय मेस्त्री, तेवढं डाख मारून द्या. पाच-सहा दिवसांत चिखलाला घालायचा हाय." डाख म्हणजे कथील वितळवून भोक बुजवणं.

भोकावर धुण्याच्या साबणाची वडी घासून भरलेली होती. आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो चुकीचा नाही. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून कोरड्या रानात आठवडाभरसुद्धा टिकतो. पाण्यात मात्र विरघळतो. वरून पाऊस आणि खाली चिखल असताना सकाळी लावलेला साबण संध्याकाळपर्यंत राहत नाही. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटरच्या वर डिझेल जातं. पैसा जातो तो जातोच, पण हे डिझेल वाफ्यातल्या पाण्यावर तवंग होऊन पसरतं. शिवाय या टिलरला टाकी इंजिनच्या डोक्यावर आणि सायलेन्सर हातभर अंतरावर. लोडवर सायलेन्सर इतका तापतो की डिझेलला पेट घ्यायला ठिणगीचीही गरज राहत नाही.

गळतीचं काम करणाऱ्याने पहिली गोष्ट ही धरून चालावी, की जिथे ओलं दिसतं तिथेच गळतं असं नाही. डिझेल पत्र्यावरून सरपटतं, शिवणीतून दोन वीत लांब जातं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यावर थेंब धरतं. म्हणून टाकी काढायच्या आधी आम्ही ती कोरडी पुसून खडूची भुकटी फासतो आणि अर्धा तास हात लावत नाही. भुकटी काळी पडायला जिथून सुरुवात होते, ते गळतीचं मूळ. निम्म्या वेळा टाकी निर्दोषच निघते आणि दोष असतो कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या तोटीच्या वायसरात, जादा डिझेल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्नच्या वाळलेल्या रबरी नळीत किंवा फिल्टरच्या बोल्टखालच्या तांब्याच्या वायसरात. दहा रुपयांचा वायसर न बदलता उगाच वेल्डिंग मारून दिलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचा मला राग येतो.

इथे मात्र टाकीच गळत होती. तळाच्या मधोमध एक भोक आणि त्याच्या बाजूला आधी कुणीतरी मळून लावलेल्या इपॉक्सीचं टेंगूळ. टेंगूळ उचकटलं तर खाली ड्रेनचा नट निघाला! ज्याने इपॉक्सी लावलं, त्याने पाणी काढायची वाटच बुजवून टाकली होती. टाकी सडायचं खरं कारण तेच.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाला बसतं. पाणी येतं कुठून? झाकणाच्या फाटक्या वायसरातून पाऊस झिरपतो तो एक. दुसरं म्हणजे अर्धी रिकामी टाकी. सुगी आटोपली की टिलर गोठ्याशेजारी उभा राहतो. रात्री पत्रा गार पडला की टाकीतल्या हवेतली वाफ आतल्या अंगाला दव धरते, आणि हे रोज चालतं. कॉकची आतली नळी तळापासून साधारण सेंटीमीटरभर वर असते. घाण पंपात जाऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. तीस बाय पंचवीस सेंटीमीटरच्या तळावर एक सेंटीमीटर म्हणजे पाऊण लिटर. हे पाऊण लिटर ड्रेन उघडल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. त्यात पाणी असलं तर ते वर्षानुवर्षं त्याच जागी पत्रा खात बसतं. गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसतो.

टाकी उतरवून मी लहान हातोडीने तळ ठोकून पाहिला. भोकाच्या एका बाजूला आवाज बद्द येत होता. हा आवाज मी तेव्हा ऐकला होता, हे इथे लिहून ठेवतो.

आता धुणं. डिझेलची टाकी आहे, काही होत नाही, असं म्हणणारे वेल्डर आमच्या भागात पुष्कळ आहेत. पेट्रोलला सगळे भितात, कारण त्याची वाफ थंडीतही पेट घेते. डिझेल गार असताना शांत असतं हे खरं, पण टॉर्चच्या ज्योतीखाली तोच पत्रा तापतो, शिवणीत मुरलेल्या डिझेलची वाफ होते आणि बंद टाकीत हवेत मिसळते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते ती यामुळे. काही जण इंजिनच्या सायलेन्सरला नळी लावून धूर टाकीत सोडतात आणि आता आग लागणार नाही असं धरून चालतात. आयडलवर चालणाऱ्या डिझेल इंजिनच्या धुरात भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो, त्या धुरावर जिवाचा भरवसा ठेवू नये. आम्ही उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला मूठभर, असं तीन वेळा करतो. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून अर्धा तास ठेवायची आणि उपडी करायची. तिसऱ्या पाण्यावर तवंग दिसला तर चौथं पाणी. शेवटी तोंडाशी नाक नेलं तर नुसत्या ओल्या लोखंडाचा वास यायला हवा.

धुताना आतून गंजाच्या खपल्या निघत होत्या. त्या तशाच ठेवून भोकाला डाख मारला असता तर महिन्याभरात खपल्या कॉकच्या जाळीत अडकल्या असत्या आणि टिलर भर वाफ्यात बंद पडला असता. म्हणून मी गंज काढायचं ठरवलं. भोकाला आणि कॉकच्या जागेला रबरी बूच, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड लिटरला शंभर ग्रॅम, म्हणजे अकरा लिटरच्या टाकीला अकराशे ग्रॅम, आणि आत हातभर लांब साखळी. साखळी घालून टाकी चारही बाजूंनी खळखळवायची आणि रात्रभर ठेवायची. सायट्रिक ॲसिड गंज खातं, चांगल्या लोखंडाला फारसं लागत नाही. मिठाचं ॲसिड वापरणारे घाई करतात, ते पत्राही खातं.

सकाळी टाकीखालची घमेली भरून सांडली होती. टाकी उचलून दाराशी धरली तर तळातून बारीक बारीक धारा लागल्या होत्या. खडूने खुणा करत मोजल्या, दहा. बूच लावलेलं भोक धरून अकरा.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. पत्र्याला सुईएवढं भोक पडलं की गंजच फुगून ते बुजवतो, आणि डिझेलच्या चिकटपणाने ते बूच पक्कं होतं. त्या तळाला अकरा भोकं आधीपासून होती. दहा गंजाने धरून ठेवली होती आणि एकाचं बूच निघालं होतं. ॲसिडने उरलेली दहा मोकळी केली.

मामा दहा वाजता आले. खुणा बघून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "मेस्त्री, एक भोक घेऊन आलतो मी." एवढंच. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, मला सगळं समजावून सांगता आलं असतं. मी टोच्या घेतला आणि खूण नसलेल्या जागी तळावर अंगठ्याच्या जोराने दाबला. टोच्या आत गेला. वरच्या बाजूला तेवढ्याच जोराने दाबला, तिथे नुसता ओरखडा उठला. हे त्यांनी पाहिलं. त्यांना पटलं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

अकरा जागी डाख मारणं शक्य होतं. पण डाख धरतो तो भोवतालच्या पत्र्याला, आणि भोवताली पत्राच नव्हता. आतून इपॉक्सीचा लेप फिरवून द्यायचं काम मी करत नाही. चांगल्या, कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर तो टिकतो. सडक्या, ओलसर तळावर दोन हंगामांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि कॉकमध्ये बसतात. नवी टाकी मिळाली असती, पण या जुन्या मॉडेलच्या पट्ट्यांवर आणि रेडिएटरच्या अंतरात ती नीट बसत नाही, पट्ट्या तोडून जोडाव्या लागतात. तेव्हा तळच बदलायचा. दोन दिवस लागतील म्हटलं. "करा" म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

तळ कापायला ग्राइंडर घेतला नाही. टाकी धुतलेली असली तरी शिवणीत काय मुरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. ग्रीस लावून हाताच्या ड्रिलने एक भोक पाडलं आणि पत्र्याच्या कात्रीने कडेला बारा मिलिमीटर पट्टी ठेवून तळ कापून काढला. पट्टीचा पत्रा वाजवून पाहिला, तो चांगला होता. कापलेला तळ दारातल्या उजेडात धरला तर चाळणी दिसत होती. मूळ पत्रा 20 गेजचा, म्हणजे मिलिमीटरला थोडा कमी. मधोमध तो कागदाएवढा उरला होता.

नवा तळ 18 गेजच्या, म्हणजे मूळ पत्र्यापेक्षा जाड, सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याचा घेतला. ताटासारखा, चारी बाजूंना बारा मिलिमीटर कडा वर वळवून, जुन्या पट्टीवर बाहेरून घट्ट बसेल असा. तळ सपाट ठेवला नाही. ड्रेनच्या कोपऱ्याकडे पाच मिलिमीटर उतार दिला आणि त्या कोपऱ्यात पाव इंची सॉकेट बसवलं. मूळ टाकीत ड्रेन मधोमध आणि तळ सपाट असल्याने ड्रेन उघडला तरी कोपऱ्यात पाणी राहायचं. आता पाण्याला त्या एका कोपऱ्याशिवाय दुसरी जागा नाही. या कामातली ही एक गोष्ट मी कुणालाही दाखवेन.

लाईटचा भरवसा नव्हता म्हणून गॅसवर केलं. एक नंबरचं नोझल, 1.6 मिलिमीटरची तांब्याचा मुलामा असलेली रॉड. आधी चार कोपरे, मग समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर टाके, आणि मग इंच-इंचाचे तुकडे, एक इकडे तर दुसरा तिकडे. सलग मारत गेलं की पातळ पत्रा आकसतो आणि तळ पापडासारखा उचलतो. टाकीचं तोंड मुळात कथलाच्या डाखाने बसवलेलं, ते दोनशे अंशांच्या आसपासच सुटतं. म्हणून वरच्या अर्ध्या भागाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मदतनीस पोरगा त्यावर सतत पाणी घालत राहिला. तोंड हललं नाही.

तपासणी हवेने करायची, पण कॉम्प्रेसरने नाही. दहा बाय बारा इंचांच्या बाजूवर चौरस इंचाला पाच पौंड दाब म्हणजे त्या एका पत्र्यावर सहाशे पौंड, पावणेतीनशे किलो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडून ढोलासारख्या फुगवलेल्या टाक्या भंगारात पाहायला मिळतात. सायकलच्या पंपाने दोन पौंड हवा आणि शिवणीवर साबणाचं पाणी. दोन ठिकाणी बुडबुडे आले, तिथे पुन्हा मारलं. मग डिझेल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. पाणी भरून तपासलेली टाकी डिझेलला गळू शकते, कारण पाणी ज्या फटीत शिरत नाही तिथे डिझेल सहज शिरतं. सकाळी कागद कोरडा होता.

रेड ऑक्साईड, वर रंग. पट्ट्यांखाली गोणपाटाच्या जुन्या घड्या होत्या त्या फेकल्या, गोणपाट पाणी धरून ठेवतं आणि पत्रा बाहेरून कुजवतं. ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घातल्या. झाकणाचा वायसर नवा, झाकणातलं हवेचं छिद्र तारेने साफ. ते बंद असलं की इंजिन अर्ध्या तासाने दम तोडतं आणि लोक पंप खोलत बसतात. मग एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढली. आधी फिल्टरचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पंपाचा. शेवटी इंजिनच्या नोझलकडचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल मारायचं, डिझेल पिचकारून आलं की आवळायचं. तिसऱ्या हँडलला टिलर चालू झाला.

मामांनी पैसे दिले, मी सांगितले तेवढे. ठरलेल्या डाखाच्या पाचपट होते.

माझ्या डोक्यात राहिलंय ते ॲसिड. हातोडीचा बद्द आवाज मी ऐकला होता. टोच्या तेव्हाच, त्यांच्यासमोर, ॲसिड घालायच्या आधी लावला असता तर तळ गेलाय हे त्यांनी स्वतः पाहिलं असतं आणि ठरवणं त्यांच्या हातात राहिलं असतं. चिखलणी पाच दिवसांवर होती. रोज साबण लावून, कॉकच्या आधी एक जादा जाळी बसवून पंधरा दिवस काढता आले असते आणि तळ दिवाळीनंतर सावकाश झाला असता. ते काम मी केलं असतं का, हा वेगळा प्रश्न. सायलेन्सरच्या वर गळणारी टाकी परत पाठवायला माझं मन झालं नसतं. पण विचारायला हवं होतं. आता टाकी कुणाचीही असो, भाव सांगायच्या आधी टोच्या मालकाच्या हातात देतो.

आषाढाच्या शेवटी मामा परत आले. टिलरवर नाही, एसटीने. पिशवीत कॉक होता. खालच्या नटाला ओल येते म्हणाले. वायसर दबून गेला होता, नवा घातला. ड्रेन उघडता का, असं विचारलं. दर रविवारी पेलाभर काढून काचेच्या बाटलीत बघतो, म्हणाले, पहिल्या आठवड्यात तळाला बोटभर पाणी होतं, आता नाही. वायसरचे दहा रुपये टेबलावर ठेवून ते जांबोटीच्या गाडीला गेले.