एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याचा हिशोब

कमी पैशात फिल्म करायची आहे ना, मग कॅमेरा स्टँडवर लाव, वाइड फ्रेम धर आणि माणसांना बोलू दे. ‘कोर्ट’ ही एका खटल्यावरची फिल्म आल्यापासून नव्या दिग्दर्शकांना हा सल्ला सर्रास दिला जातो. तिचा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने तसंच तर केलं, असंही वर ऐकवलं जातं. ट्रॉली, जिब, स्टेडीकॅम या कॅमेरा हलवायच्या साधनांचं भाडं वाचतं, इथपर्यंत हे बरोबर आहे. पण ते वाचलेले पैसे आणि त्याहून जास्त वेळ दुसरीकडे जातो. तो कुठे जातो हे शूटिंगआधी कळलं नाही, तर हातात फक्त लांबलचक आणि कंटाळवाणे शॉट्स राहतात.

आधी ताम्हाणेचा रस्ता थोडक्यात. जन्म 1987, मुंबई. आधी एक डॉक्युमेंटरी, मग 2009 मध्ये ‘ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क’ हे नाटक, नंतर ‘सिक्स स्ट्रँड्स’ ही शॉर्ट फिल्म. त्या नाटकातला नट विवेक गोम्बर पुढे ‘कोर्ट’चा निर्माता झाला आणि बचावाचा वकीलही. लिहिण्यासाठी त्याने ताम्हाणेला महिना 15,000 रुपये देऊ केले. वर्षाचा हिशोब केला तर 1,80,000. मुंबईत अगदी छोट्या युनिटचे दोन-तीन दिवस ओढूनताणून बसतील एवढीच ही रक्कम. माझ्या मते त्या अख्ख्या फिल्मच्या बजेटमधला सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच. लेखकाला नोकरी न करता खालच्या कोर्टात जाऊन बसता आलं, म्हणून तर बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या बाईची केस जज ऐकायला नकार देतात, असा प्रसंग कथेत येतो. घरबसल्या सुचणारी गोष्ट नाही ही. 2014 मध्ये व्हेनिस फेस्टिव्हलला ओरिझोंती विभागातली सर्वोत्कृष्ट फिल्म आणि पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे पुढे जाऊ.

आता हिशोब. तीन मिनिटांचा एक स्थिर शॉट घ्या. फ्रेममध्ये चार बोलणारी माणसं आणि मागे बाकांवर पंचवीस ज्युनियर आर्टिस्ट. असा शॉट तीन टेकमध्ये ओके होत नाही. कट मारून चूक झाकायची सोय नसल्यामुळे तिन्ही मिनिटं एकाच वेळी बरोबर यावी लागतात. तीस टेक धरा. प्रत्येक टेकनंतर सगळ्यांना जागेवर आणायला, फायली पुन्हा रचायला पाच मिनिटं. तीन आणि पाच मिळून आठ मिनिटं, तीस गुणिले आठ म्हणजे चार तास. लायटिंग आणि रिहर्सल धरली की बारा तासांच्या शिफ्टमध्ये असे दोन शॉट्स म्हणजे डोक्यावरून पाणी. शिवाय नव्वद मिनिटांचं फुटेज. यूएचडी आकाराच्या चित्रात प्रोरेस 422 एचक्यू या रेकॉर्डिंग फॉरमॅटला तासाला साधारण 320 जीबी लागतात, म्हणजे या एका शॉटला 480 जीबी. तीन कॉपी करायच्या तर दीड टीबीच्या आसपास. जिबचे वाचलेले पैसे हार्ड डिस्कच्या दुकानात गेले, असं समजा.

कास्टिंगचा भाग यापेक्षा अवघड. ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या. आरोपी शाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक. दोन्ही प्रकारची माणसं एका फ्रेममध्ये आणली की एक नेहमीची अडचण येते: शिकलेला नट साधारण तिसऱ्या-पाचव्या टेकला सगळ्यात ताजा असतो, तर कॅमेऱ्याची सवय नसलेला माणूस दहाव्या-बाराव्या टेकपर्यंत ‘आपल्याकडे बघतायत’ हे विसरत नाही. तो विसरतो तोवर नटाचं वाक्य घासून गुळगुळीत झालेलं असतं. यावर उपाय एकच, नवख्यांच्या तालमी शूटिंगच्या आधी काही आठवडे, शक्यतो त्याच जागेत आणि त्याच कपड्यांत घ्यायच्या. संवादांचा कागद हातात द्यायचा नाही. प्रसंग सांगायचा, त्यांच्या बोलीत येईल ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून संवाद पुन्हा लिहायचे. उभं राहायची जागा टेप लावून दाखवता येत नाही, कारण वाइडमध्ये जमीन दिसते. टेबलाचा कोपरा, लादीची रेघ, खिडकीचा गज अशा खुणा द्याव्या लागतात.

मागच्या पंचवीस जणांना नुसतं ‘बसा’ सांगितलं की ते बसून कॅमेऱ्याकडे बघतात. प्रत्येकाला काहीतरी काम हवं. एकाची तारीख कितवी लागलीय ते त्याला माहीत नाही, एकीला लघवीला जायचंय पण नंबर चुकेल ही भीती, एकाने झेरॉक्स आणायला पोराला पाठवलंय. सहाय्यक दिग्दर्शकाचा अर्धा दिवस यात जातो आणि तो जायलाच हवा. फ्रेम मोठी असली की प्रेक्षकाचा डोळा मागे भटकतो, आणि तिथे कुणी रिकामं बसलेलं दिसलं की पुढचा अभिनय कितीही चांगला असो, तो सेट वाटायला लागतो.

सरकारी खोलीत शूट करताना हमखास होणारी चूक म्हणजे ट्यूबलाइटची लुकलुक (फ्लिकर). आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत येतो ते) 180 अंशावर ठेवला की एक्सपोजर 1/48 सेकंद होतं. ते या ठोक्याशी जुळत नाही आणि भिंतीवर उजेड हलताना दिसतो. छोट्या मॉनिटरवर हे कळतही नाही, ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवताना, मोठ्या पडद्यावर कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. शटर 172.8 अंशावर ठेवा, म्हणजे बरोबर 1/50. स्वस्तातल्या एलईडी पट्ट्यांचा ठोका वेगळा असू शकतो, तिथे आधी जागा बघायला जायच्या, रेकीच्या दिवशी टेस्ट शूट करून बघण्याला पर्याय नाही.

मग पंखे. मुंबईच्या कोर्टात पंखा बंद दाखवला तर ते खोटं दिसतं, चालू ठेवला तर साउंड रेकॉर्डिस्ट डोक्याला हात लावतो. मधला मार्ग असा: आदल्या दिवशी बेअरिंगला तेल, रेग्युलेटर एक किंवा दोनवर, आणि दिवसाच्या शेवटी मिनिटभर रूम टोन, म्हणजे कुणी न बोलता पंख्यासकट नुसत्या खोलीचा आवाज. तो मिनिट कुणी द्यायला तयार नसतं, पॅकअपची घाई असते. पण तो नसला की एडिटमध्ये दोन टेक जोडताना पार्श्वभूमीचा आवाज खटकन बदलतो.

आवाजाचं एकूणच वाइड फ्रेमशी वाकडं. बूम, म्हणजे काठीवरचा माइक, फ्रेमच्या वर धरायचा म्हणजे तो तोंडापासून सहा-आठ फूट लांब, आणि गिलावा केलेल्या भिंतींच्या खोलीत एवढ्या अंतरावर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. म्हणून प्रत्येक बोलणाऱ्याला कपड्यात लपणारा छोटा लेपल माइक, शिवाय टेबलावरच्या फायलींमध्ये एखादा लपवलेला. वकिलाच्या पांढऱ्या बँडखाली लेपल छान लपतो, फक्त बँडला खळ केलेली नको. कडक कापड माइकवर घासलं की कागद चुरगाळल्यासारखं ऐकू येतं आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. कॅमेऱ्याच्या मागची जी भिंत दिसत नाही, तिच्यावर गोधड्या टांगा. फुकटचं काम आहे, फरक लगेच ऐकू येतो.

एवढं करून एडिटिंगला बसलं की कळतं, प्रसंग वीस सेकंद लांबलाय आणि कापायला दुसरा अँगलच नाही. यासाठी तालमीचेच फोनवर काढलेले व्हिडिओ जोडून अख्खी फिल्म एकदा कच्ची बघून घ्यावी. कुठला शॉट ओढला जातोय ते तिथे दिसतं आणि दुरुस्ती कागदावर होते. ‘सेफ्टी म्हणून एक क्लोजअप घेऊन ठेवू’ म्हणणारा एक जण प्रत्येक सेटवर असतो. घ्यायचाच असेल तर ठरवून घ्या. वेळ उरला म्हणून घेतलेला क्लोजअप पुढे चुकीच्या जागी वापरायचा मोह होतो.

ताम्हाणेच्याच ‘द डिसायपल’मध्ये (2020, व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत, पटकथेचा पुरस्कार) याच पद्धतीला गाण्याची अट जोडली गेली. शिष्य झालेले आदित्य मोडक गायक, गुरू झालेले अरुण द्रविड किशोरीताई आमोणकरांच्या तालमीतले. गाणारी माणसं घेतली की ओठ जुळवण्याचा प्रश्न मिटतो, पण पुढचा सुरू होतो. खयालाला क्लिक ट्रॅक, म्हणजे लय बांधून ठेवणारा कानातला ठोका, नसतो, दोन टेकची लय कधीच एक नसते, त्यामुळे पहिल्या टेकचा आलाप आणि चौथ्याची तान जोडता येत नाही. लाइटच्या उष्णतेने तबल्याचा सूर चढतो, बाहेर पावसाळी हवा असली की उतरतो. प्रत्येक टेकआधी तानपुरा आणि तबला ट्यूनरवर एकाच सुराला लावून घ्यायचा, आणि ती वेळ कॉलशीटमध्ये, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकात, लिहायची. नाहीतर पहिल्या सहाय्यक दिग्दर्शकाला वाटतं, कलाकार उगाच वेळ काढतायत.

‘कोर्ट’च्या शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. तेवढ्यावर फिल्म संपत नाही, पुढे सुट्टीवर गेलेले जज दिसतात. असा शेवट करायचा तर दोन गोष्टी सांभाळा. दिवे खरोखर भिंतीवरच्या बटणांनी बंद होणार असतील, तर एक्सपोजर पहिल्या दिव्याला नाही, शेवटून दुसऱ्या दिव्याला लावा, नाहीतर मधले टप्पे दिसायच्या आधीच सगळं काळं होतं. आणि फेस्टिव्हलच्या ऑपरेटरला आधी सांगून ठेवा की काळोखानंतर अजून फिल्म आहे. त्याचा हात दिव्याच्या बटणावरच असतो.