पळसावरचे तुईये

साकोलीहून नागझिरा अभयारण्याकडे जाताना फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुललेला दिसतो. वाघासाठी येणारी वाहने थेट प्रवेशद्वार गाठतात. मी मात्र अलीकडच्याच एका गावात उतरलो, कारण मला पोपट पाहायचे होते आणि त्यांच्यासाठी धानाच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे भातखाचरांचे बांध, जंगलाइतकेच मोलाचे आहेत.

हिरव्या पानांत हिरवा पोपट सहज हरवतो, पण या दिवसांत पळसाला पाने जवळजवळ नसतात. उजाडल्यावर थोड्याच वेळात ‘तुई, तुई’ असा आवाज करीत तुईया जातीच्या छोट्या पोपटांचा थवा आला. नराचे डोके पिकल्या जांभळासारखे, त्यावर निळसर झाक, खांद्यावर लालसर डाग आणि शेपटीचे टोक पांढरे. मादीचे डोके राखी आणि गळ्याभोवती पिवळसर पट्टा. एका नराने फूल चोचीने देठापाशी खुडले, पायात धरून त्यातला मध चाखला आणि टाकून दिले. हे इतक्या झपाट्याने चालले होते की झाडाखाली केशरी पाकळ्यांचा सडा पडला. साधा राघू आकाराने याच्याहून मोठा आणि आवाजाने कर्कश. तुईया मात्र इतका चपळ की उडतानाचे चित्र स्पष्ट यावे म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या दोनहजाराव्या भागावर ठेवावा लागला.

जवळच्या धुऱ्यावर येनाचे (ऐनाचे) एक वाळलेले झाड उभे होते आणि त्याच्या ढोलीत एक मादी वारंवार शिरत होती. पोपट बहुधा सुतार किंवा तांबट पक्ष्यांनी सोडलेल्या ढोलीतच घरटे करतात, त्यामुळे असे वठलेले झाड तोडले की त्यांचा आसराच जातो. शेताच्या मालकांना मी झाड ठेवण्याचे कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पाखरं राह्यते ना त्याच्यात, कायले तोडाचं भाऊ?”

ढोलीचे छायाचित्र मी घेतले नाही. माणूस समोर उभा असला की मादी आत जायला कचरते आणि पिल्ले उपाशी राहतात. हा नियम प्रत्येक छायाचित्रकाराने पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला पोपट पकडणे गुन्हा असूनही ढोलीतून पिल्ले काढून विकणारे आजही आहेत. म्हणून गावाचे नाव आणि त्या धुऱ्याची वाट मी येथे देत नाही.