अण्णांना विचारलं का?

शनिवारी दुपारी इथे टोकियोत, आमच्या घराजवळच्या समाजमंदिरात, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना काय हवंय यावर बैठक होती. वीस-बावीस माणसं, चार टेबलं, भिंतीवर कागदाचं एक उघडं-बोडकं झाड. माझ्या टेबलावर पंचाहत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते. त्यांना तीन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालंय, हे त्यांनी स्वतःच नाव सांगताना सांगून टाकलं. मग म्हणाले, "दुकानात पैसे देताना मला सुटे मोजायला वेळ लागतो. मागचे लोक चुळबुळतात, मग कोणीतरी माझ्या हातातलं पाकीट घेऊन पैसे काढून देतं. मदतच करतात ते. पण मला ते नको. मला वेळ हवाय."

शेजारच्या कार्यकर्त्या बाईंनी ते पानाच्या आकाराच्या हिरव्या कागदावर लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. आजोबांनी बोट फिरवत वाचलं. बाईंनी "मदत हवी" असं लिहिलं होतं. आजोबांनी "मदत" खोडायला लावून तिथे "वेळ" लिहून घेतलं. मगच ते पान झाडावर लागलं.

मी सेतागायात राहते. टोकियोचा हा वॉर्ड एखाद्या मोठ्या शहराएवढा आहे, लोकवस्ती नऊ लाखांवर. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी इथे ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र स्थानिक कायदा आहे आणि त्याच्या नावातच 'किबो', म्हणजे आशा, हा शब्द आहे. मसुदा करणाऱ्या समितीत हा आजार असलेली माणसंही होती. वॉर्डचे २८ भाग पाडलेत, प्रत्येक भागात म्हाताऱ्यांसाठी सल्ला केंद्र आहे. कुठे काय हवं हे त्या त्या भागातल्या लोकांनी आजारी माणसांना सोबत घेऊन ठरवायचं, अशी रीत. शिवाय धडधाकट असतानाच पुढे मला काय आवडेल, काय चालणार नाही हे लिहून ठेवायची एक फाइलही प्रत्येकाने करावी असं कायदा सुचवतो.

परदेशी बाई मी, मला तिथे काय काम? तर आहे. जपानात २००० सालापासून शुश्रूषा विमा, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा विमा, आहे आणि चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. माझ्याही पगारातून तो दरमहा कापला जातो. त्या पैशांतून कुठली सेवा कशी द्यायची याचा आराखडा प्रत्येक नगरपालिका दर तीन वर्षांनी करते, आणि तो करताना विमेदारांचं म्हणणं विचारात घ्या असं कायद्यातच आहे. स्मृतिभ्रंशाचा देशव्यापी कायदा २०२३ मध्ये झाला, १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. त्यातही हेच म्हटलंय: स्थानिक योजना आखण्याआधी आजार असलेल्या माणसांचं आणि घरच्यांचं ऐका.

इथे हे पहिल्यापासून असं नव्हतं. २००४ पर्यंत या आजाराला जपानी सरकारी कागदांत जो शब्द होता, त्याचा अर्थ जवळपास 'मूर्खपणा' असा निघायचा. आपल्या 'म्हातारचळ' किंवा 'साठी बुद्धी नाठी'च्याच घरातला. सरकारने पर्यायी शब्दांवर लोकांची मतं मागवली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून 'निन्चिशो' हा शब्द आला. शब्द बदलून काय होतं, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण ज्याच्या आजाराचं नावच शिवी आहे, तो चारचौघांत उठून "मला हे झालंय" कसं म्हणेल?

आणखी एक घटना इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. आइची प्रांतातल्या ओबू शहरात २००७ साली स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ घरातून निघून रेल्वेखाली गेले. ८५ वर्षांच्या बायकोला क्षणभर डुलकी लागली होती. रेल्वेने कुटुंबाकडून सुमारे ७२ लाख येन मागितले, खालच्या कोर्टांनी भरपाई द्यायलाही सांगितली. शेवटी १ मार्च २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मोकळं केलं. दुसऱ्या वर्षी कानागावातल्या यामातो शहराने अशा अपघातांसाठी आपल्या नागरिकांचा विमा स्वतः उतरवला, मग इतर शहरांनीही. माझ्या मते हे फार मोठं पाऊल आहे. घरच्यांच्या मनातली ही भीती कमी झाल्याशिवाय दाराचं कुलूप निघत नाही.

उणीवही सांगायला हवी. बैठकीला येतात ते बहुतेक निवृत्त लोक. दिवसभर नोकरी आणि रात्रभर सासूची उठबस करणारी बाई शनिवारी दुपारी कुठून येणार? आणि ज्यांचं बोलणंच थांबलंय त्यांचं पान झाडावर कोण लावणार? हे मी त्या दिवशी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत बोलले. त्यांनी लिहून घेतलं.

घरी परतताना मात्र डोक्यात अण्णा होते. पुण्यात त्यांना हाच आजार असल्याचं निदान होऊन दीड वर्ष झालं. या काळात मी आणि ताईने फोनवर किती निर्णय घेतले! गोळ्या, दिवसाची बाई, बँकेचं खातं. सगळं हळू आवाजात, ते शेजारच्या खोलीत असताना. ज्या पुण्यात महापालिका नागरिकांकडून २००६पासून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवते, तिथे अण्णा स्वतः दरवर्षी अर्ज भरायचे, बागेत बाक हवा म्हणून. आणि त्यांच्याच आयुष्याबद्दल आम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी फोन केला. "अण्णा, तुम्हाला काय हवंय?" बराच वेळ काहीच नाही. ताई मधे बोलायला लागली, मी तिला थांबवलं. मग म्हणाले, "सकाळचं दूध मी आणणार."

चार महिन्यांपूर्वी ते दूध आणताना रस्ता चुकले होते, तेव्हापासून आम्ही ते बंद केलं होतं. ताई घाबरली. पण संध्याकाळी ती डेअरीवाल्याशी बोलली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोलली, सोसायटीच्या वॉचमनला नंबर देऊन आली. अण्णांच्या आजाराबद्दल घराबाहेर तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, आम्हाला कधीचं कळलंय. तुम्ही काही बोलत नव्हता, म्हणून आम्हीही गप्प."

काल सकाळी ताईचा मेसेज आला. अण्णा सात वाजता गेले, सात वीसला आले. एकाऐवजी दोन पिशव्या आणल्या. तिने दोन्ही तापवल्या.